वाङ्मयचौर्य (उच्च शिक्षण)

वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचे लेखन, कल्पना, आकडेवारी, चित्र किंवा निष्कर्ष योग्य श्रेय न देता स्वतःचे म्हणून सादर करणे होय. उच्च शिक्षणात ही संज्ञा मुख्यतः विद्यार्थ्यांचे प्रकल्प, लघुप्रबंध, प्रबंध आणि शोधनिबंध यांच्या संदर्भात वापरली जाते. भारतात या विषयाचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केलेल्या विनियमांनुसार होते. हे विनियम विद्यापीठांप्रमाणेच संलग्न महाविद्यालयांनाही लागू आहेत. त्यामुळे मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयेही त्यांच्या कक्षेत येतात.

या विनियमांतील शिक्षांची चढती श्रेणी पदव्युत्तर आणि संशोधन पदव्यांसाठी सादर होणाऱ्या लेखनाला लागू होते. पदवी वर्गातील प्रकल्प, निबंध आणि उत्तरपत्रिका तिच्यातून वगळलेल्या आहेत. मात्र वगळणे म्हणजे परवानगी देणे नव्हे. त्या लेखनाचा निर्णय शिक्षक, महाविद्यालय आणि विद्यापीठाचे परीक्षाविषयक नियम यांच्याकडे राहतो.

संज्ञा

'वाङ्मय' आणि 'चौर्य' या दोन संस्कृत शब्दांपासून हा सामासिक शब्द बनला आहे. मराठीत 'साहित्यचोरी' आणि 'उचलेगिरी' हे शब्दही याच अर्थाने वापरले जातात. इंग्रजीतील प्लेजरिझम हा शब्द लॅटिन भाषेतील 'प्लेजियारियस' या शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ माणसे पळवून नेणारा असा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शल याने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचणाऱ्या माणसासाठी हा शब्द योजला आणि पुढे तो लेखनाच्या चोरीला रूढ झाला.

भारतीय परंपरेतील विचार

लेखनाची उसनवारी हा विषय भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण असे दोन भाग पाडून त्यांची स्वतंत्र अध्यायांत चर्चा केली. आधीच्या कवीचे शब्द घेणे आणि त्याची कल्पना घेऊन ती नव्या शब्दांत मांडणे यांतील फरक त्याने सूक्ष्मपणे दाखविला आहे. आजच्या नियमांतही शब्दांची उचल आणि कल्पनेची उचल हे दोन्ही प्रकार ओळखले जातात.

मराठी संतकवींनी अभंगाच्या अखेरीस स्वतःची नाममुद्रा घालण्याची पद्धत पाळली. मौखिक परंपरेत रचनेचे कर्तृत्व टिकविण्याचे ते एक साधन होते. ही मुद्रा इतरांनीही आपल्या रचनांना जोडल्यामुळे काही अभंगांच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांना आजही वाद घालावा लागतो. कोणाचे काय हे एकदा पुसले गेले की ते पुन्हा ठरविणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण आहे.

स्वामित्वहक्काशी असलेला फरक

वाङ्मयचौर्य आणि स्वामित्वहक्काचा भंग या दोन गोष्टी पुष्कळदा एकच समजल्या जातात. प्रत्यक्षात त्या वेगळ्या आहेत. स्वामित्वहक्क हा भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये मिळणारा कायदेशीर हक्क आहे आणि साहित्यकृतीच्या बाबतीत तो सामान्यतः लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वाङ्मयचौर्य हा शैक्षणिक सचोटीचा भंग असून त्याला अशी मुदत नाही.

साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत २०१० अखेर संपली. आज त्यांचे पुस्तक कोणीही छापू शकतो. परंतु त्यातील परिच्छेद एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने प्रकल्पात घातला, तर ते वाङ्मयचौर्यच ठरते.

कल्पनेच्या बाबतीतही असाच फरक आढळतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वामित्वहक्काचे संरक्षण कल्पनेला नसून तिच्या अभिव्यक्तीला असते, हे तत्त्व मांडले. शैक्षणिक नियमांत मात्र दुसऱ्याची कल्पना श्रेयाविना घेणे हाही दोष आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानासंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्यास शिक्षणविषयक अपवादाचा आधार मान्य केला. अर्थात झेरॉक्स काढणे कायदेशीर असले, तरी तो मजकूर आपला म्हणून लिहिणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

प्रकार

विद्यार्थ्यांच्या लेखनात पुढील प्रकार प्रामुख्याने आढळतात.

शब्दशः उचल: पुस्तक, जुना प्रबंध किंवा संकेतस्थळ यांवरील मजकूर अवतरणचिन्हे आणि संदर्भ न देता जसाच्या तसा घेणे.

ठिगळे जोडून केलेले लेखन: निरनिराळ्या ठिकाणची वाक्ये घेऊन, अधूनमधून एखादा शब्द बदलून ती सलग जोडणे. वाक्याची रचना आणि विचारांचा क्रम मूळ लेखकाचाच राहतो.

भाषांतरित उचल: इंग्रजी, हिंदी किंवा अन्य भाषेतील मजकूर मराठीत आणून तो स्वतःचा म्हणून देणे.

कल्पना, आकडेवारी आणि चित्रांची उचल: तक्ता, नकाशा, छायाचित्र, वर्गीकरण किंवा निष्कर्ष यांचे मूळ न सांगणे.

स्वतःच्या लेखनाची पुनरुक्ती: एका ठिकाणी मूल्यमापनासाठी अथवा प्रकाशनासाठी दिलेले लेखन तसे न सांगता दुसरीकडे पुन्हा देणे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२० मध्ये याविषयी स्वतंत्र सूचना काढली.

परक्याकडून लिहून घेणे: पैसे देऊन किंवा ओळखीतून दुसऱ्याकडून प्रकल्प लिहून घेणे. येथे मूळ लेखकाची संमती असते, पण वाचक आणि परीक्षक यांची फसवणूक होते.

भारतातील नियमांची वाटचाल

दीर्घकाळ भारतात विद्यार्थ्यांच्या व प्राध्यापकांच्या वाङ्मयचौर्यासाठी समान राष्ट्रीय नियम नव्हते. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या अध्यादेशांनुसार किंवा खास समिती नेमून निर्णय घेत असे. पीएच.डी.साठीच्या २०१६ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय तपासणी, संशोधकाचे हमीपत्र आणि मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र यांची अपेक्षा ठेवली. त्यानंतर २३ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने उच्च शिक्षण संस्थांतील शैक्षणिक सचोटीचे संवर्धन आणि वाङ्मयचौर्यास प्रतिबंध यांविषयीचे स्वतंत्र विनियम आले.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन यांची नीतितत्त्वे शिकविणारा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आयोगाने पुढे आवश्यक केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे विनियम आले. त्यांनी एम.फिल. ही पदवी बंद केली, मात्र मौलिकतेचे हमीपत्र आणि तपासणी यांची अट कायम ठेवली.

२०१८ चे विनियम

व्याप्ती

विनियमांनुसार दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणे म्हणजे वाङ्मयचौर्य. पदव्युत्तर व संशोधन पदवीसाठी मूल्यमापनाकरिता दिलेले लघुप्रबंध, प्रबंध आणि तत्सम लेखन, तसेच विद्यार्थी, अध्यापक, संशोधक व कर्मचारी यांनी प्रसिद्ध केलेले शोधनिबंध, पुस्तके व पुस्तकांतील प्रकरणे त्यांच्या कक्षेत येतात. गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळल्या आहेत.

साम्य मोजताना वगळायचा मजकूर

साम्याचे प्रमाण काढताना पुढील भाग धरले जात नाहीत:

– आवश्यक परवानगीने किंवा श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर
– संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश
– सर्वसामान्य संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हे आणि समीकरणे

सर्वज्ञात माहिती आणि योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे शब्दसमूह हेही वगळले जातात. याउलट सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी हा संशोधनाचा गाभा असल्यामुळे तो पूर्णतः मौलिक असावा, अशी अपेक्षा आहे.

स्तर आणि शिक्षा

प्रबंध व लघुप्रबंधांसाठी साम्याच्या प्रमाणानुसार चार स्तर ठरविले आहेत.

स्तर ०: १० टक्क्यांपर्यंत साम्य. किरकोळ साम्य मानून शिक्षा होत नाही.

स्तर १: १० टक्क्यांहून अधिक ते ४० टक्क्यांपर्यंत. सहा महिन्यांहून अधिक नसलेल्या ठरावीक मुदतीत सुधारित लेखन सादर करण्यास सांगितले जाते.

स्तर २: ४० टक्क्यांहून अधिक ते ६० टक्क्यांपर्यंत. सुधारित लेखन सादर करण्यास एक वर्षाची मनाई होते.

स्तर ३: ६० टक्क्यांहून अधिक. त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द होते.

पुन्हा तोच दोष घडल्यास आधीच्या स्तरापेक्षा एक स्तर वरची शिक्षा होते. पदवी किंवा श्रेयांक मिळाल्यानंतर वाङ्मयचौर्य सिद्ध झाले, तर संस्थास्तरीय समितीने सुचविलेल्या आणि संस्थाप्रमुखाने मान्य केलेल्या कालावधीपुरती ती पदवी वा श्रेयांक स्थगित ठेवला जातो.

प्रसिद्ध लेखनाच्या बाबतीत अध्यापक व संशोधकांनाही शिक्षा आहेत. स्तर १ मध्ये लेख मागे घ्यावा लागतो. स्तर २ मध्ये त्याबरोबर एक वार्षिक वेतनवाढ नाकारली जाते आणि दोन वर्षे नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. स्तर ३ मध्ये सलग दोन वेतनवाढी नाकारल्या जातात आणि नव्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यावर तीन वर्षांची बंदी येते.

चौकशीची पद्धत

पुराव्यासह संशय असल्यास तक्रार प्रथम विभागीय शैक्षणिक सचोटी समितीकडे जाते. विभागप्रमुख, विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ अध्यापक आणि तपासणीच्या संगणकीय साधनांचा जाणकार असे तिचे तीन सदस्य असतात. या समितीने ४५ दिवसांत आपला अहवाल संस्थास्तरीय समितीकडे द्यायचा असतो. चार सदस्यांच्या त्या समितीत एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो आणि तिलाही ४५ दिवसांची मुदत आहे.

दोन्ही समित्यांना नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळावी लागतात. दोष निःसंशयपणे सिद्ध झाल्यावर, अपिलाचे सर्व मार्ग संपल्यावर आणि संबंधित व्यक्तीला बाजू मांडण्याची पुरेशी, पारदर्शक संधी दिल्यावरच शिक्षा करता येते. समितीच्या सदस्याविरुद्धच तक्रार असल्यास त्याने त्या बैठकीतून बाजूला व्हायचे असते. केवळ संगणकाचा अहवाल समोर ठेवून विद्यार्थ्याचे म्हणणे न ऐकता केलेली शिक्षा या तरतुदींशी विसंगत ठरते.

संस्थेची कर्तव्ये

विनियमांत विद्यार्थ्यांच्या जबाबदारीबरोबर संस्थेचीही कर्तव्ये सांगितली आहेत. श्रेय कसे द्यावे आणि परवानगी कधी घ्यावी हे शिकविणे, प्रत्येक सत्रात जागृतीचे कार्यक्रम घेणे आणि शैक्षणिक सचोटीची मूलतत्त्वे अभ्यासक्रमात समाविष्ट करणे ही त्यांतील काही होत. पदवी दिल्यानंतर प्रबंधाची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात ठेवली जाते. त्यामुळे प्रबंध एकदा मान्य झाला की कपाटात बंद राहतो, ही पूर्वीची स्थिती बदलली आहे. उचल वर्षांनंतरही कोणाच्याही लक्षात येऊ शकते.

पदवी वर्गातील प्रकल्प

बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा वाङ्मयचौर्याशी पहिला संबंध प्रकल्पाच्या निमित्ताने येतो. हा प्रकल्प २०१८ च्या श्रेणीबाहेर असल्यामुळे '१० टक्के चालते' हा आकडा त्याला नियम म्हणून लागू होत नाही. मार्गदर्शक शिक्षक प्रकल्प परत करू शकतो, गुण कमी करू शकतो किंवा पुन्हा लिहून घेऊ शकतो. परीक्षेतील गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ चा स्वतंत्र अधिनियम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार गैरप्रकारांच्या चौकशीची जबाबदारी विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्पाला महत्त्व आले आहे. परिणामी पूर्वी एम.ए.च्या वेळी शिकावे लागणारे संदर्भलेखन आता पदवीच्या वर्गातच आवश्यक झाले आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील संदर्भ

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. मालवणचे स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय, सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय, कुडाळचे संत राऊळ महाराज महाविद्यालय, वेंगुर्ल्याचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय आणि कणकवली महाविद्यालय ही जिल्ह्यातील जुनी महाविद्यालये आहेत. कुडाळ तालुक्यातील मुळदे येथील उद्यानविद्या महाविद्यालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अंतर्गत आहे.

या भागात प्रकल्पांसाठी स्थानिक विषयांची विपुलता आहे. सिंधुदुर्ग किल्ला, १९८७ साली जाहीर झालेले मालवण सागरी अभयारण्य, रापणीची मासेमारी, दशावतार, पिंगुळीची चित्रकथी, सावंतवाडीचा गंजिफा, मालवणी बोली आणि कुडोपीची कातळशिल्पे हे त्यांपैकी काही होत. अशा विषयांत संदर्भ न दिल्यास काय बिघडते, हे पुढील दोन बाबींवरून स्पष्ट होते.

जुन्या आकड्यांचा प्रश्न

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० साली प्रसिद्ध झालेला दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडी यांविषयी आहे. किनाऱ्यावरील बंदरे, व्यापार, जाती-जमाती आणि शेती यांची माहिती त्यात असल्यामुळे स्थानिक इतिहासाचे अभ्यासक त्याचा वापर करतात. तो आता स्वामित्वहक्काच्या मुदतीत नाही. तरीही त्यातील वर्णन मराठीत आणून संदर्भाविना दिले, तर वाचकाला ते आजचे वाटते. वसाहतकालीन अधिकाऱ्याचे मतही मग विद्यार्थ्याचे निरीक्षण बनते.

आकडेवारीच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. १९८१ पूर्वीच्या 'रत्नागिरी जिल्हा' या नावाखालील आकड्यांत आजच्या सिंधुदुर्गातील तालुके समाविष्ट आहेत. सावंतवाडी संस्थान स्वातंत्र्यानंतर विलीन झाले, त्यामुळे त्याआधीच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या आकड्यांत संस्थानचा प्रदेश येत नाही. म्हणजे 'रत्नागिरी' या एकाच नावाचा १८८१, १९७१ आणि १९९१ या तीन जनगणनांतील प्रदेश निरनिराळा आहे. आकडा कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या प्रकाशनातला हे लिहिले नाही, तर तुलना चुकते. तो प्रकल्प पुढच्या विद्यार्थ्याने उचलला की चूकही त्याच्याबरोबर पुढे जाते आणि ती मुळाशी नेऊन तपासण्याचा मार्ग उरत नाही. संदर्भ देण्यात सौजन्य असतेच, पण दुसऱ्याला पडताळणी करता यावी ही त्याची अधिक महत्त्वाची बाजू आहे.

मौखिक माहितीचे श्रेय

रापणीच्या जाळ्याची रचना, वाऱ्याची व भरती-ओहोटीची चिन्हे, दशावतारातील पात्रांची रंगभूषा किंवा चित्रकथीतील कथेचा क्रम यांविषयीची पुष्कळ माहिती छापील स्वरूपात नसते. ती मच्छीमार, कलावंत आणि घरातील वडीलधारी माणसे सांगतात. संगणकीय तपासणीत अशा माहितीशी साम्य आढळण्याचा प्रश्नच येत नाही. विनियमांतील व्याख्या मात्र दुसऱ्याचे काम आणि कल्पना या दोहोंना लागू असल्यामुळे सांगणाऱ्याचे श्रेय देण्याचे बंधन कमी होत नाही.

क्षेत्रीय अभ्यासाच्या रूढ पद्धतीप्रमाणे मुलाखत देणाऱ्याचे नाव, गाव, मुलाखतीची तारीख आणि भाषा यांची नोंद त्याच्या संमतीने केली जाते. नाव जाहीर करण्यास त्याची तयारी नसल्यास 'तारकर्लीतील एक ज्येष्ठ रापणकार' अशा प्रकारे उल्लेख करता येतो. 'ऋणनिर्देशात आभार मानले' एवढे पुरेसे मानले जात नाही. जी माहिती ज्याच्याकडून आली, त्या जागी तिचा उल्लेख असावा लागतो.

श्रेयनिर्देशाचे उदाहरण

समजा, एखाद्या पुस्तकात पुढील वाक्य आहे: रापणीत मिळालेल्या मासळीचे वाटे पाडले जातात आणि जाळे ओढणाऱ्यांप्रमाणे जाळ्याच्या मालकीचाही वाटा वेगळा काढला जातो.

विद्यार्थ्याने हेच वाक्य अवतरणचिन्हांविना लिहिले, तर ती शब्दशः उचल झाली. 'रापणीत सापडलेल्या माशांचे हिस्से केले जातात आणि जाळे खेचणाऱ्यांप्रमाणे जाळ्याच्या मालकीचाही हिस्सा निराळा ठेवला जातो' असे लिहिले, तर शब्द बदलले, पण रचना तीच राहिली. संदर्भ नसल्याने हेही वाङ्मयचौर्यच आहे.

योग्य मार्ग दोन आहेत. मूळ शब्द महत्त्वाचे असतील तर वाक्य अवतरणचिन्हांत देऊन लेखक, पुस्तक, वर्ष आणि पृष्ठ नोंदवावे. आशय पुरेसा असेल तर तो समजून घेऊन स्वतःच्या रचनेत लिहावा आणि तरीही संदर्भ द्यावा. विद्यार्थ्याने स्वतः किनाऱ्यावर जाऊन वाटणी पाहिली असेल, तर 'अमुक तारखेला पाहिलेल्या रापणीत' असे म्हणून आपले निरीक्षण पुस्तकातील माहितीपासून वेगळे ठेवावे. सिंधुदुर्ग किल्ला शिवकाळात बांधला गेला, यासारख्या सर्वज्ञात माहितीला संदर्भाची आवश्यकता नसते. किल्ल्याच्या बांधकामाचा खर्च किंवा कारागिरांची संख्या लिहायची असल्यास मात्र ती असते.

साम्यतपासणी आणि मराठी मजकूर

इन्फ्लिबनेट केंद्राने २०१९ साली 'शोधशुद्धी' या योजनेद्वारे विद्यापीठांना साम्य तपासणारी संगणकप्रणाली उपलब्ध करून दिली. सुरुवातीला उरकुंड आणि पुढे ड्रिलबिट या प्रणालींचा त्यात वापर झाला. अशी प्रणाली सादर केलेला मजकूर आपल्या संग्रहातील लेखनाशी ताडून पाहते आणि जुळणाऱ्या भागाचे प्रमाण सांगते. ती साम्य दाखवते, चोरी ठरवत नाही. योग्य रीतीने उद्धृत केलेला उताराही ती जुळणारा म्हणून दाखवू शकते. उलट तिच्या संग्रहात नसलेल्या पुस्तकातील उचल तिला दिसत नाही.

मराठीच्या बाबतीत काही विशेष अडचणी आहेत. अनेक जुनी पुस्तके व नियतकालिके केवळ छायाचित्रांच्या स्वरूपात उपलब्ध असल्याने त्यांतील अक्षरे शोधता येत नाहीत. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉण्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला, तरी संगणकाच्या दृष्टीने निराळ्याच चिन्हांचा असतो. ऱ्हस्व-दीर्घाचे आणि अनुस्वाराचे भिन्न लेखनही शब्दांच्या जुळणीत अडथळा आणते. इंग्रजीतून मराठीत आणलेला मजकूर शब्दजुळणीवर चालणाऱ्या तपासणीतून सहज सुटतो.

म्हणून मराठी प्रबंधात आलेले कमी साम्य हा मौलिकतेचा पुरावा ठरत नाही आणि जास्त साम्य हा आपोआप अपराधही ठरत नाही. विषय जाणणाऱ्या मार्गदर्शकाचे वाचन आणि विद्यार्थ्याशी तोंडी चर्चा यांची जागा ही प्रणाली घेऊ शकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांकडून लिहून घेतलेल्या मजकुराचा २०१८ च्या विनियमांत स्वतंत्र उल्लेख नाही. तरीही लेखन आपले मौलिक काम असल्याचे हमीपत्र विद्यार्थ्याने सही करून दिलेले असते, त्यामुळे त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते.

गाजलेली प्रकरणे

कुमाऊँ विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू बी. एस. राजपूत यांच्यावर भौतिकशास्त्रातील एका शोधनिबंधात दुसऱ्याचे लेखन वापरल्याचा आरोप झाला. चौकशीनंतर २००३ साली त्यांनी पदाचा राजीनामा दिला.

प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव हे सहलेखक असलेल्या एका शोधनिबंधाच्या प्रास्ताविकात आधीच्या निबंधातील काही वाक्ये आढळली. लेखकांनी २०११ साली नियतकालिकाकडे क्षमा मागितली. ती वाक्ये सहलेखक असलेल्या संशोधक विद्यार्थ्याकडून आल्याचे सांगण्यात आले. विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रास्ताविकाची जबाबदारी सर्व सहलेखकांवर येते, हे या प्रकरणाने दाखविले.

जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबेर्ग यांची डॉक्टरेट बायरॉइट विद्यापीठाने २०११ साली काढून घेतली आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट यांनी २०१२ साली अशाच कारणाने डॉक्टरेट गमावल्यावर राजीनामा दिला. याउलट मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रबंधात वाङ्मयचौर्य असल्याचा निष्कर्ष बॉस्टन विद्यापीठाच्या समितीने १९९१ साली काढला, परंतु मरणोत्तर पदवी रद्द करण्याची शिफारस केली नाही.

टीका

टक्केवारीवर आधारलेल्या स्तरांवर अनेक आक्षेप घेतले जातात. एकाच महत्त्वाच्या निष्कर्षाची उचल एक टक्काही भरत नाही, तर पार्श्वभूमीच्या प्रकरणातील निष्काळजी उसनवारी २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. टक्केवारीलाच मर्यादा मानल्यास तिच्या आत राहण्यासाठी शब्द बदलत बसण्याची प्रवृत्ती वाढते आणि ठिगळे जोडून केलेल्या लेखनालाच उत्तेजन मिळते. एक किंवा दोन अध्यापकांच्या विभागात मार्गदर्शक हाच विभागप्रमुख असू शकतो. अशा वेळी समितीतील बाहेरच्या सदस्याचे महत्त्व वाढते.

दुसरा आक्षेप शिक्षणाच्या क्रमाविषयीचा आहे. शालेय प्रकल्पांत पुस्तकातून किंवा आंतरजालावरून उतरवून काढणे पुष्कळदा स्वीकारले जाते. तोच विद्यार्थी महाविद्यालयात आल्यावर त्याच सवयीला दोष ठरविले जाते. विनियमांनी शिक्षेबरोबरच संस्थेवर शिकविण्याचे कर्तव्य टाकले आहे ते यासाठीच. पदवीचा प्रकल्प शिक्षांच्या श्रेणीबाहेर असल्यामुळे, चूक दुरुस्त करून पुन्हा लिहिण्याची आणि संदर्भ देण्याची सवय लावण्याची संधी तेथेच सर्वाधिक असते. पुढे लघुप्रबंध किंवा प्रबंधाच्या टप्प्यावर त्याच चुकीची किंमत सहा महिने, एक वर्ष किंवा संपूर्ण नोंदणी एवढी होते.

हे सुद्धा पहा

स्वामित्वहक्क, मुंबई विद्यापीठ, विद्यापीठ अनुदान आयोग, शोधगंगा, सिंधुदुर्ग जिल्हा, रापण